मचव्याखालून

बेट द्वारकेचं दर्शन घेऊन मचवा ओख्याकडे परत निघाला, तेव्हा मचवा चालवणाऱ्या खारव्याने दूरवर बोट दाखवून सांगितलं, की खाडीच्या तोंडाशी दोन दिवस झाले एक देवमाशीण पिल्लू घेऊन फिरतेय. एकाहत्तर सालचा माघ होता. मचव्यात बेटावद गावाहून आलेली बारा माणसं. सगळ्यांनी चुडामण पाटलाकडे पाहिलं, कारण यात्रेला त्यानेच आणलं होतं. तो म्हणाला, एवढं लांब आलोय तर बघूनच जाऊ.

त्याच्या बायकोने, कुंदाबाईने, त्याला हळूच विनवलं, की नको. पांझरा नदीच्या पुरात उडी टाकणारा माणूस तो. हिला न्हाणीतल्या पाण्याचंसुद्धा भय वाटतं, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.  कुंदाबाईने बसायची फळी दोन्ही हातांनी धरली. मचवा पुढे जाईल तसं हिरवं पाणी काळं होत गेलं.

खारव्याने मशीन बंद केलं. जवळच फुस्सकन पाणी उडालं आणि सडक्या मासळीचा वास अंगावर आला. पिल्लूच बैलगाडीएवढं होतं. बघायला सगळे एका बाजूला धावले, मचवा कलंडला, पाणी आत आलं. तेवढ्यात खारव्याने न बोलता खाली बोट दाखवलं. मचव्याखालून काहीतरी करडं सरकत होतं, आणि ते संपतच नव्हतं.

"बठ्ठा खाले बसा," कुंदाबाई म्हणाली.

आपला आवाज तिलाच ओळखू आला नाही. पण सगळी माणसं खाली बसली. लाकूड करकरलं. मचवा वीतभर वर उचलला गेला आणि तसाच राहिला.  आपल्याला पोहता येत नाही, एवढंच कुंदाबाईला कळत होतं. मग मचवा हळूच पाण्यावर टेकला. पलीकडे आईची पाठ वर आली, पिल्लू तिच्या कुशीला लागलं आणि दोघं मोठ्या समुद्राकडे गेली.

पदर ओढला जातोय म्हणून तिने वळून पाहिलं. चुडामण मचव्याच्या तळाशी, साचल्या पाण्यात बसला होता. पदर त्याच्या दोन्ही मुठींत होता. तो तिच्याकडे बघत नव्हता.

ओख्याला माणसं उतरली. चुडामण उठला, पण पाऊल उचलेना आणि तो पुन्हा बसला. त्यांच्यातल्याच, गावी दुकान चालवणाऱ्या म्हाताऱ्या झमकूबाईने धक्क्यावरून विचारलं, पाटील का उतरत नाहीत? सगळे मागे वळले.

कुंदाबाई त्यांच्या आणि नवऱ्याच्या मधे येऊन बसली.

"तुम्ही चाला पुढे," ती स्वतःच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाली. "मना पाय कापी राह्यनात. यासना हात धरीसन उतरसू."

माणसं चालू लागली. खारव्याला सगळं दिसत होतं. त्याने त्या दोघांकडे पाठ केली आणि बांधलेला दोर सोडून तो पुन्हा बांधायला घेतला.