लवंगेचं पाणी

शालननं ओलं फडकं सोडलं आणि मोड आलेली मूठभर मटकी नवऱ्याच्या नाकाशी धरली. डोळे मिटून वास घेत ते नेहमीसारखी मान हलवू लागले. त्यांच्या होकाराशिवाय मटकी मिसळवाल्यांकडे जातच नसे.

पावसाळ्यातल्या तापानंतर त्यांना कसलाच वास येईनासा झाला होता. ते कुणाला बोलले नाहीत. पण गॅसवर दूध करपत होतं आणि ते शेजारीच पेपर वाचत बसले होते, तेव्हा शालनला कळलं. दुसऱ्या दिवशी आंबलेल्या मटकीलाही त्यांनी मान हलवली. तिनं ती गुपचूप म्हशीपुढे ओतली.

तेव्हापासून मटकी शेवटची धुताना ती त्यांना न सांगता लवंग आणि ओवा उकळून गार केलेलं पाणी वापरू लागली. मटकी आंबायची थांबली. त्यांचा होकार पुन्हा कधी खोटा पडला नाही.

आज मात्र मान हलवता हलवता ते थांबले. तिचा हात धरून त्यांनी परत वास घेतला.

"शालन, आज लवंग जरा जास्त झालीय."

"उद्या कमी घालते," ती म्हणाली आणि फडकं बांधायला बसली. गाठ काही केल्या बसेना.