लिस्बनचा पिंजरा

"ह्यात लिस्बन कुठे आहे?" परीक्षक बाईंनी विचारलं.

टेबलावर हातभर उंचीचा नुसता लाकडी सांगाडा उभा होता. ना भिंती, ना रंग, ना झेंडा. उभ्या-आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक चौकटीत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेलेली फुली. शेजारी लंडनचं घड्याळ होतं, त्यात खरे सेल घातलेले. पलीकडे पुठ्ठ्याची बर्लिनची भिंत होती आणि तिच्यावर मनसोक्त रंग फासलेला होता. कामठीच्या शाळेत आठवीच्या मुलांचं इतिहासाचं प्रदर्शन होतं. विषय होता, युरोपातल्या राजधान्या कशा घडल्या.

रुपराव मिस्त्री स्टेजच्या खाली, पालकांच्या गर्दीत उभे होते. बाईंचा प्रश्न ऐकून ते दोन पावलं पुढे सरकले. नात रितिका चार दिवस मागे लागली होती, "आबाजी, भिंती लावून द्या ना, छान दिसंल." तेच अडून बसले होते. भिंती लावल्या तर आतलं काम कोणाला दिसणार? आता पोरीचं हसं झालं तर ते आपल्यामुळेच.

"मॅडम, हे लिस्बन पडल्यानंतरचं आहे," रितिका म्हणाली. "सतराशे पंचावन्न, एक नोव्हेंबर. सणाचा दिवस होता, लोक चर्चमध्ये होते, मेणबत्त्या पेटलेल्या. सकाळीच भूकंप झाला. लोक जीव घेऊन नदीकडे पळाले, तर समुद्राची लाट नदीतून आत आली. वरून शहराला आग लागली, ती पाच-सहा दिवस विझली नाही. राजा तर इतका घाबरला, की पुढे जन्मभर तंबूतच राहिला."

"बरं. मग?"

"मग प्रधानानं ठरवलं, शहर आहे तिथंच बांधायचं. पण प्रत्येक घराच्या भिंतीत आधी असा लाकडी पिंजरा उभा करायचा. जमीन हलली तर पिंजरा हलेल, पण मोडणार नाही. फुल्या मी मोजून आखल्या मॅडम, खाचा आबाजींनी पाडल्या."

"पण तो मोडणार नाही, हे त्यांना कसं कळलं?"

"त्यांनी नमुना उभा केला आणि सैनिकांना त्याच्याभोवती पाय आपटत चालायला लावलं."

बाईंनी सांगाड्यावरून बोट फिरवलं. खिळा कुठेच लागला नाही. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे शिस्त राखायला एनसीसीची मुलं जाड बूट घालून उभी होती.

"चला तर, आपणही बघू," बाई म्हणाल्या.

रुपरावांना राहवलं नाही. "मॅडमजी, लहानसं काम हाये पोरीचं. काहून पाडून राहिले?"

"तुम्ही तिचे आजोबा ना? खाचा तुमच्या आहेत. मग भीती कशाची?"

या सांगाड्याआधी तीन वर्षं रुपरावांनी खाचा पाडायची पटाशी हातात धरली नव्हती. गावात सगळे तयार दारं आणत होते, मिस्त्रीला कोण बोलावतं? हात पूर्वीचा राहिला की नाही, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

अठरा मुलं स्टेजवर चढली. "एक, दो! एक, दो!" जुन्या फळ्यांवर बूट आदळू लागले. फटींतून धूळ उडाली. लंडनचं घड्याळ कलंडलं आणि पॅरिसच्या मनोऱ्याला जाऊन टेकलं. दुसऱ्या फेरीला बर्लिनची भिंत तोंडावर आपटली. ती बनवणाऱ्या अर्णवनं आधी डोक्याला हात लावला, मग ओरडला, "मॅडम, ही तर पडायचीच असते!" सगळा हॉल हसला.

रुपराव हसले नाहीत. त्यांचा कान सांगाड्याकडे होता. तो डोलत होता, टेबलावर बोट बोट सरकत होता, कुरकुरत होता. लाकूड मोडतानाचा आवाज वेगळा आणि खाचेत आणखी घट्ट बसतानाचा वेगळा. हा दुसरा होता.

"थम!"

पाय थांबले. सांगाडा टेबलाच्या कडेशी तिरका झाला होता, पण अख्खा होता. टाळ्या पडल्या. रितिका जागच्या जागी उड्या मारत होती.

"या, वर या," बाईंनी रुपरावांना बोलावलं. "काही सांगायचंय मुलांना?"

रुपराव चपला काढून स्टेजवर चढले. "सांगाचं काही नाही जी. एक विचारतो. त्या लिस्बनच्या सुतारायची नावं हायेत का पुस्तकात?"

बाईंनी मान हलवली. "राजाचं आहे, प्रधानाचं आहे. सुतारांची मी तरी कुठे वाचली नाहीत."

"अन् त्यायचं काम?"

"ते आहे. अडीचशे वर्षं होऊन गेली, त्यांतल्या कितीतरी घरांत अजून माणसं राहतात."

"मंग ठीक हाये," रुपराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांनी सांगाडा दोन्ही हातांनी उचलून टेबलाच्या मधोमध नीट ठेवला.

तोवर रितिकानं पेनाचं टोपण काढलं होतं. सांगाड्यासमोरच्या कार्डावर तिनं 'सुतार' असं लिहिलं आणि मान वर केली. "आबाजी, तुमचं नाव पूर्ण लिहू ना?"

"लिहिजो," रुपराव म्हणाले. "पन थांब वं. त्याच्या आधीची एक ओळ कोरी सोड. त्यायच्यासाठी."