अर्ध्या सेकंदाची पोच

पडद्यावर ‘तुकडा ४११ पोचला’ असं उमटलं आणि यंत्राने नानांच्या मेंदूतला आठवणींचा तेवढा भाग पुसून टाकला. पोच आल्याशिवाय पुढचा तुकडा पाठवायचा नाही, आणि पोच आली की इथला ठेवायचा नाही, असा नियमच होता.

“आमच्या वेळी ‘पोचला’ म्हटलं की लोक तिरडीचं बघायचे,” खाटेवरून नाना हसले.

“तुम्ही चंद्रावर पोचताय, नाना. नवंकोरं शरीर वाट बघतंय तिथे,” यंत्र चालवणारा केळुसकर म्हणाला.

त्यांच्या मुलीला, शरयूला, मात्र हसू येईना. चंद्रावर जाऊन परत यायला संदेशाला अडीच सेकंद तरी लागतात. इथे पोच अर्ध्या सेकंदात येत होती.

“केळुसकर, ही पोच देतंय कोण?”

“सिग्नल चांगलाय, ताई. संशयाला औषध नसतं.”

शरयूने पुढे होऊन अँटेनाची वायरच उपटली.

‘तुकडा ४१२ पोचला,’ पडद्यावर उमटलं, आणि यंत्राने तोही पुसला.

केळुसकरचा चेहरा पांढराफटक पडला. शरयू खाटेकडे धावली. नानांनी संकोचून पांघरूण सावरलं आणि अदबीने विचारलं, “बाई, आपण कोण?”