मधमाश्यांची दौड

चिमीचा डावा पंख सारखा खाली पडत होता. तिचा बाबा, चष्मेवाला, मैदानावर गुडघे टेकून तो सेफ्टी पिनेनं बसवत होता, आणि त्याच्या स्वतःच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या बनियनची शिवण काखेत उसवत चालली होती.

"बाबा, टोचू नको हं."

"हलू नकोस, म्हणजे नाही टोचणार."

वर्षअखेरच्या सुट्टीतली ही गमतीची दौड होती. एक मोठा, एक लहान, दोघांचा वेश सारखा, आणि तळ्याभोवती एक फेरी. नंबर कुणाचाच काढायचा नव्हता. टोमॅटो उभे होते, पेंग्विन उभे होते. शेजारी एक गलेलठ्ठ बाई आणि तिचा मुलगा मीठ-मिरीच्या डब्या होऊन आले होते.

"वेणी छान आहे गं. आईनं घातली?" मिठाच्या डबीनं विचारलं.

"बाबानं! आईनं त्याला शिकवलं. दोनदा सोडून परत घालायला लावली."

वेणी वाकडीच होती. पण बायको हटून बसली होती. "त्या दिवशी मला वेळ नसणार. तुला यायला हवी," ती म्हणाली होती.

तिला वेळ नसणारच होता. दौड चालू असताना घरी गाडी यायची होती.

चष्मेवाल्याची आई जिन्यावरून पडली, तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीतच होती. तिचं करणं-सवरणं सगळं बायकोकडे. बायको आधी नकाशे काढायच्या कचेरीत कामाला होती. ती नोकरी तिनं सोडली. चष्मेवाला संध्याकाळी दुकान बंद करून यायचा, दारातूनच "काय आई, बरं ना?" म्हणायचा आणि हातपाय धुवायला जायचा.

एकदा भांडी विसळता विसळता बायको म्हणाली, "माझ्यानं आता होत नाही."

"मग बघ कुठंतरी सोय," तो म्हणाला. "पण मला त्यात ओढू नकोस. आईसमोर मला उभं राहवणार नाही."

तिनं नळ बंद केला. हात पुसले.

"बरं. मी बघते सगळं. तू फक्त त्या दिवशी पोरीला घेऊन बाहेर जा."

पुढे एकदा तिनं सांगितलं, जागा मिळाली, चांगली आहे. कुठली, हे त्यानं विचारलं नाही. सकाळी निघताना आईकडे न बघता त्यानं बूट घातले होते.

शिट्टी झाली. टोमॅटो, पेंग्विन, डब्या, सगळे एकदम सुटले. चिमी त्याचा हात धरून ओढत होती.

"मला पदक मिळालं ना, की मी ते आजीला घालणार."

"घाल."

"आजी घरीच असेल ना?"

"मग कुठं जाणार?"

त्याचा पाय अडखळला. चिमी खो खो हसली.

तळ्याच्या वळणावर फोन वाजला. तो बाजूला झाला. चिमी जागच्या जागी उड्या मारत राहिली.

"गाडी आली," बायको म्हणाली. "बॅगा ठेवल्या."

"आई काय करतेय?"

"चहा पितायत."

"रडली का?"

"नाही. सगळं नीट सांगितलं मी त्यांना."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"तुझ्याबद्दल काय म्हणणार?"

तिच्या मागे गाडीची डिकी आपटल्याचा आवाज आला.

"चिमीला देऊ फोन?"

फोन कट झाला की काय, म्हणून त्यानं कानापासून काढून बघितला.

"नको," ती म्हणाली. "पळू दे तिला. निघतेय आता."

झालं. त्याला वाटलं होतं, छातीवर धोंडा येईल. उलट इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली, आणि मग तीही वाटेनाशी झाली. त्यानं चिमीला खांद्यावर घेतलं आणि पंख फडफडवत धावत सुटला. मिठाच्या डबीनं टाळ्या वाजवल्या. बाबा एवढा जोरात पळू शकतो, हे चिमीला माहीतच नव्हतं. शेवटच्या दोरीपाशी दोघांच्या गळ्यात पत्र्याची पदकं पडली.

घरी जायची त्याला घाई नव्हती. त्यानं तिला आइस्क्रीम घेऊन दिलं, लांबच्या रस्त्यानं आणलं. जिना चढताना मात्र बोलणं भाग होतं.

"चिमे, आजी थोडे दिवस दुसरीकडे राहायला गेलीय."

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "मला न सांगता?"

"मोठ्या माणसांना जावं लागतं कधी कधी. रडायचं नाही. आई आहे ना घरी."

ती रडलीच. नाक पुसत, हुंदके देत वर आली. त्यानं कुलपात किल्ली फिरवली.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. हातात रिकामा कप.

"आजी!" चिमीनं धाव घेतली आणि पदक तिच्या गळ्यात अडकवलं. "बाबा खोटं बोलला! म्हणे तू गेलीस!" मग ती वळली आणि आत पळाली. "आई! आई, आम्हाला पदक मिळालं!" स्वयंपाकघराचं दार वाजलं, मग झोपायच्या खोलीचं, मग कपाटाचं.

चष्मेवाला उंबऱ्यातच उभा राहिला.

"आई... गाडी आली नाही का?"

"आली की. बसून गेली ती. सामान बरंच होतं, ड्रायव्हरनंच उचललं."

आतून चिमीच्या हाका येतच होत्या. आईनं कप खिडकीत ठेवला आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

"ते पंख काढ आधी. आंघोळ राहिलीय माझी. आजपासून तू घालशील, म्हणाली."