दादांचं खातं

प्रोग्राम चौथ्यांदा बंद पडला तेव्हा साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

ऑफिसातल्या सगळ्यांचा कोड ज्या मशीनवर राहायचा, ते काल बदललं होतं. कोड सांभाळणारा प्रोग्राम दादांनी सात वर्षांपूर्वी बसवलेला. तिने तो नव्या मशीनवर आणला, सोबत त्यांची सेटिंगची फाईलही, जशीच्या तशी. सकाळपासून अकरा माणसं हात बांधून बसली होती. दोनशे ओळींची फाईल, आणि कुठली ओळ कशासाठी हे लिहायला दादांचा हात दुखत होता, असं साहेब दोनदा बोलून झाले होते. सगळं दादांच्या डोक्यात. दादा बारा दिवसांपासून हॉस्पिटलात.

“विचार त्यांना.”

पडल्यापडल्या एवढं सांगू शकले तर त्यांची जागा ठेवतो, नाहीतर एक तारखेला नवा माणूस येतोय, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. वहिनींनाही.

वहिनींनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. बोलता येत नाही गं, म्हणाल्या, पण डोळ्यांनी सांगतात. एकदा मिटले की हो. तू विचार, मी त्यांच्या कानाशी धरते.

कोड जुन्याच फोल्डरमध्ये राहू द्यायचा का, तिने विचारलं. हो म्हणाले. चालू करून पाहिलं, पुन्हा बंद. मग फोल्डर बदलायचा का?

“हो, हो. बदल म्हणतायत.”

फोनमध्ये वहिनींच्या मागून नर्सचा आवाज आला. यांनी एकदा तरी डोळे उघडले का, ती विचारत होती. फोनवर घाईने हात ठेवल्याची खसखस झाली. तरी वहिनींचं ‘नाही’ ऐकू आलंच.

तिने मागे उभ्या साहेबांकडे वळून पाहिलं नाही.

“बरं दादा, पुढची ओळ,” ती म्हणाली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचत राहिली. वहिनी हो म्हणत राहिल्या.

सत्तेचाळिसाव्या ओळीवर ती थांबली. प्रोग्राम कुणाच्या खात्यातून चालवायचा, तिथे दादांचं नाव होतं. नव्या मशीनवर त्या नावाचं खातंच नव्हतं. नाव पुसून स्वतःचं घालणं दोन सेकंदांचं काम. तिने दादांच्या नावाचं खातं उघडलं.

प्रोग्राम सुरू झाला. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी ‘सुटलो बाबा’ म्हणालं.

“दादांनी चूक पकडली,” ती म्हणाली.

“डोकं शाबूत आहे की गड्याचं.” साहेबांचा आवाज एकदम सैल झाला. “उद्या व्हिडिओ कॉल लाव. सगळेच बघू त्यांना.”

फोन चालूच होता. त्यातून खाटेजवळच्या यंत्राची टिकटिक येत होती.

“किती वाजता?” वहिनींनी विचारलं.