सहावं बटण

"आवं म्याडम, पाच बटणांत आमचं आख्खं कुळ कसं मावंल?" आकाराम फोनवर कुरकुरले.

"मावतं काका. सहावं घातलं की मोबाईलवर वरची पट्टी दाटते."

"बरं. पर वधू-वरात अध्यक्षांच्या धाकट्या लेकीचं, सोनियाचं नाव पैलं घाला. लगीन काढलंय तिचं."

"घालते," सोनम म्हणाली. तिनं सोनियाचं नाव सगळ्यांत वर टाइप केलं.

मुख्यपान, इतिहास, देवस्थान, वधू-वर, संपर्क. साताऱ्यात बसून ती कुलमंडळाच्या वेबसाइटची पट्टी आखत होती. आष्ट्याचे आकाराम मंडळाचे चिटणीस. ते तिला फक्त सासरच्या आडनावानं ओळखत. अध्यक्ष होते कवठे महांकाळचे भाऊसो. सोनमचे वडील! चार वर्षांपूर्वी तिनं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. म्हणून तर तिनं हे काम फुकट अंगावर घेतलेलं. साइट आवडली की सांगायचं, आण्णा, ही मी केलीय, आता तरी बोला. त्यांना बारीक दिसत नाही म्हणून अक्षरंसुद्धा ठसठशीत घेतली. वेडी आशा, दुसरं काय!

दुपारी आकारामांचा पुन्हा फोन आला. आवाज पडलेला होता.

"सहावं बटण घालाच. श्रद्धांजली."

"कोण गेलं?"

"अध्यक्षांच्या घरातलं कोनतरी. नुसता मेसेज हाय, नाव न्हाई. फोटू मागनं येतोय, आला की धाडतो."

सोनमनं फोन ठेवला. आईला साधा तापसुद्धा कधी यायचा नाही. आण्णांचं मात्र बीपी होतं. आण्णाच गेले! ती हमसून हमसून रडली. बटणं कसली आखत बसलीस, भवाने? सरळ जाऊन पाय धरायचे होतेस. फार तर दोन शिव्या घातल्या असत्या त्यांनी.

नवरा अवधूत गाडी काढायला धावला. तो हॉर्न देईपर्यंत तिनं पाचही बटणं थोडी थोडी आवळली आणि सहावं बसवलं. आण्णांसाठी तेवढंच करता येण्यासारखं उरलं होतं.

जिन्यात मोबाईल वाजला. आकारामांनी फोटो धाडला होता. डोळे पुसून तिनं तो उघडला.

हार घातलेल्या फोटोत दोन वेण्या घातलेली ती स्वतः हसत होती, आणि खाली लिहिलं होतं : 'आमची थोरली कन्या कै. सोनम. शोकाकुल, वडील भाऊसो.'