जुन्या पत्त्यावर

हवामान केंद्राच्या डेटाबेसला इंटरनेटवर दोन पत्ते होते. एक ठिपक्यांनी जोडलेल्या चार आकड्यांचा जुना, दुसरा हातभर लांब, नवा. सात वर्षांपूर्वी तापमान कळवणारी सगळी यंत्रं नव्या पत्त्यावर वळवली, तेव्हापासून जुन्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज तो कायमचा बंद करायचा, म्हणून इंजिनिअरनं सहज तिथली शेवटची नोंद उघडली. ती आज सकाळी सहाची होती. त्याआधीची काल सहाची. सात वर्षांत एकही सकाळ चुकलेली नव्हती.

नोंद पाठवणाऱ्या यंत्राचा क्रमांक त्यानं दोनदा पडताळून पाहिला. मग केंद्रातून निवृत्त झालेल्या त्याच्या जुन्या वरिष्ठ बाईंना फोन लावला.

"बाई, तुम्ही पाठीवर वाहून शिखरावर नेलेलं ते यंत्र आठवतं?"

"ते हिमवादळात गेलं ना रे. नव्या पत्त्यावर त्याचं काहीच आलं नाही."

"नवा पत्ता त्याला कुणी कळवलाच नाही, बाई. ते अजून रोज जुन्यावरच तापमान कळवतंय."

दूरदेशी गेलेल्या लेकराची चौकशी करावी तशा आवाजात बाईंनी विचारलं, "आज किती थंडी आहे रे त्याच्याकडे?"